नाणं ग्रेडिंगला पाठवू का? बेळगावकडच्या नवख्यांसाठी

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या शहापूरच्या घरी परसात तांब्याची परात मांडली जायची. समया, ताम्हण, पंचपात्री आणि देवघरातले सात रुपये, सगळं चिंचेच्या कोळात. आजी नारळाच्या शेंडीला राख लावून एकेक रुपया घासायची आणि उन्हात धरून बघायची. राजाचं डोकं आरशासारखं चमकलं की तिचं समाधान व्हायचं. त्या सातांतला एक, १९३८ चा सहाव्या जॉर्जचा रुपया, मी पुढं नोकरीला लागल्यावर हौसेनं अमेरिकेला ग्रेडिंगसाठी, म्हणजे खरेपणा आणि अवस्था तपासून घ्यायला, पाठवला. मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत गेला आणि पाच महिन्यांनी प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन आला. मी ज्याची वाट बघत होतो तो आकडा लेबलवर नव्हताच. 'एयू डिटेल्स' आणि खाली 'क्लीन्ड'. म्हणजे नाणं खरं, झीज थोडीच, पण घासलेलं. सगळा मिळून खर्च रुपयाच्या किमतीच्या दुपटीहून जास्त झाला होता.

तेव्हापासून कोणी "हे पाठवू काय ओ ग्रेडिंगला?" असं विचारलं की मी लगेच हो-नाही म्हणत नाही. ज्या क्रमानं मी बघतो तोच क्रम खाली दिलाय. कुठल्याही पायरीवर उत्तर 'नको' आलं तर तिथंच थांबायचं, पुढचा खर्च वाचला. घरातल्या बहुतेक नाण्यांचा निकाल पहिल्या तीन पायऱ्यांतच लागतो.

आधी एवढं समजून घ्या की पैसे कशाचे द्यायचे आहेत. ग्रेडिंगवाले दोनच प्रश्नांची उत्तरं देतात: नाणं खरं आहे का, आणि ते कोणत्या अवस्थेत आहे. अवस्थेचा आकडा १ ते ७० असतो. ही मोजपट्टी विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसानं १९४९ साली त्यांच्याकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी काढली. त्याचा हिशेब असा की ७० चं नाणं १ च्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं. किमतीचं ते गणित केव्हाच मोडलं, आकडे तेवढे मागं राहिले. ६० ते ७० म्हणजे वापरात न गेलेलं, ५० ते ५८ म्हणजे जेमतेम हाताळलेलं (एयू), ४० आणि ४५ ला आपले व्यापारी एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन) म्हणतात, २० ते ३५ ला व्हीएफ (व्हेरी फाइन). जगभर चालणारी दोन मोठी नावं म्हणजे १९८६ ची पीसीजीएस आणि १९८७ ची एनजीसी, दोन्ही अमेरिकेतल्या. तपासून झालं की नाणं कडक पारदर्शक डबीत सील करतात, तिला स्लॅब म्हणतात. प्रत्येक स्लॅबला नंबर असतो.

भाव मात्र ते ठरवत नाहीत. लाखांनी पाडलेलं नाणं ६५ आकडा मिळाला म्हणून दुर्मिळ होत नाही. ते चांगल्या अवस्थेतलं साधं नाणं असतं, एवढंच.

पायरी पहिली: हे नाणंच आहे का?

हसू नका. माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात ते रामदरबार आणि मारुतीचे 'कंपनीचे नाणे'. एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता किंवा उडता मारुती, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ किंवा त्याहून जुनं साल. कंपनीनं असली नाणी कधी पाडलीच नाहीत. हे देवस्थानाबाहेर विकले जाणारे टोकन, आणि पुष्कळसे तर अलीकडचेच. कंपनीच्या खऱ्या अर्ध्या आण्यावर एका बाजूला सिंहांचं मानचिन्ह आणि दुसऱ्या बाजूला पानांच्या माळेत किंमत असते. सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी कंपनीनं १८३५ च्या कायद्यानंतर पाडली. तांदूळ ओढून घेतो, अंधारात चमकतो, वीज पडलेली आहे, असं कोणी सांगायला लागला की चहा घेऊन उठायचं.

दुसरा ढीग वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांचा. ती खरी नाणी आहेत, पण भरपूर पाडलेली. त्यांना लाखांत भाव सांगणारे व्हिडिओ बघून निपाणीच्या एका गृहस्थांनी 'रजिस्ट्रेशन फी' म्हणून पैसे भरले आणि गमावले. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मधे जाहीर निवेदन काढून सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कमिशन किंवा फी कधी मागत नाही. आधी पैसे भरा म्हणणारा भेटला की ग्रेडिंगचा विचार बाजूला ठेवा, फोन ठेवा.

पायरी दुसरी: ते तुमच्याकडे आलं कसं?

आजोबांच्या पेटीतलं, लग्नातल्या ओटीतलं, बाजारातून पावतीवर घेतलेलं असेल तर पुढं चला. शेत नांगरताना, विहीर खणताना किंवा जुन्या वाड्याची भिंत पाडताना मडक्यात सापडलं असेल तर गोष्ट वेगळी. १८७८ चा निखातनिधीचा कायदा आहे, शिवाय कर्नाटकाचा १९६२ चा स्वतःचा. दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला तर सरकारला कळवावं लागतं. आपल्याकडे म्हणजे तहसीलदार आणि तिथून डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, ऑफिस. लोक घाबरून सोनाराकडे वितळवतात. त्यात माणूसही अडकतो आणि नाण्यांवरचा इतिहासही जातो.

पायरी तिसरी: शंभर वर्षांची रेघ

ही पायरी पुष्कळ जणांना माहीतच नसते, आणि बेळगाव भागातल्या नाण्यांपैकी निम्म्याहून जास्त इथंच थांबतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं हा पुरावशेष धरला जातो. तो देशाबाहेर पाठवायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्यानं नेमलेल्या यंत्रणेला आहे. खाजगी माणसानं पाठवला तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'फक्त तपासायला पाठवतोय, परत येणार आहे' ही सबब नाही.

आता आपल्या भागात काय काय निघतं ते बघा. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' लिहिलेली तांब्याची शिवराई. विजापूरच्या आदिलशाहीच्या लारी, म्हणजे दुमडलेल्या तारेसारखी चांदीची नाणी. आझमनगर-गोकाक टांकसाळीचे रुपये. आझमनगर हे बेळगावचं मोगली काळातलं नाव. खानापूर आणि चोर्ल्याकडच्या घरांत गोव्याचे १८८१-८२ चे पोर्तुगीज रुपये, ज्यांचं वजन आणि कस इंग्रजी रुपयासारखाच ठेवला होता. आणि अर्थात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे रुपये. यातलं एकही अमेरिकेला जाऊ शकत नाही.

नवखे ज्या दोन रुपयांबद्दल सारखे विचारतात ते नेमके या रेघेच्या दोन बाजूंना पडतात, म्हणून थोडं सविस्तर.

पहिला १९११ चा, पाचव्या जॉर्जचा 'डुकराचा रुपया'. राजाच्या अंगावरच्या झग्यावर हत्ती आहे, पण त्याची सोंड आणि पाय असे आखूड उठले की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, रुपया मागं घेतला आणि पुढच्या वर्षीपासून हत्ती सुधारला. पाडले होते ९४ लाखांच्या आसपास, बाहेर गेले होते सात लाखांच्या आसपास. गोष्ट भारी आहे म्हणून लोक त्याला सोन्याच्या भावाचा समजतात. पण सात लाख म्हणजे काही सात नव्हेत. झिजलेला १९११ आजही प्रदर्शनात टेबलावर पडलेला दिसतो. आणि शंभरी केव्हाच ओलांडल्यामुळे तो परदेशी जाणार नाही.

दुसरा १९३९ चा, सहाव्या जॉर्जचा, जुन्या म्हणजे ९१.७ टक्के चांदीचा. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, त्यामुळे या कसाचा तो शेवटचा. १९३८ चा सहज मिळतो, १९३९ चा दुर्मिळ. हा अजून रेघेच्या अलीकडे आहे. त्याला मागणी मोठी, म्हणून नकलाही मोठ्या. ग्रेडिंगचा खरा उपयोग कुठं होतो असं मला कोणी विचारलं तर मी याच रुपयाचं नाव घेतो: घेणाऱ्याच्या मनात पहिली शंका 'खरा आहे का' हीच असते आणि सीलबंद डबी तिचंच उत्तर देते.

रेघ दर वर्षी एक वर्ष पुढं सरकते हेही लक्षात असू द्या. विसाच्या दशकातली पाचव्या जॉर्जची नाणी एकेक करून पलीकडे चालली आहेत.

रेघेपलीकडच्या नाण्यांचं काय? देशातही तपासून डबीबंद करून देणाऱ्या सेवा आहेत. त्यांच्याकडे देण्याआधी एकच गोष्ट बघा: त्यांच्या डबीतली नाणी नावाजलेल्या लिलावांत येतात का, आणि आली तर उघड्या नाण्यापेक्षा जास्त भावानं जातात का. शिवराईसारख्या हातानं ठोकलेल्या नाण्याला तर मी डबी सुचवतच नाही. तिथं पत्रा ठशापेक्षा लहान असतो, अर्धी अक्षरं बाहेर पडलेली असतात, आणि जाणकार बघतो ते अक्षरांचं वळण, बिंदू, चिन्हं. त्याला नाणं हातात घेऊन कडेनं फिरवायचं असतं. याचा अभ्यासच करायचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे.

पायरी चौथी: धुवू नका

खरं तर ही पहिली हवी होती. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, राख, सोनाराचं आम्लाचं पाणी, यातलं काहीही लागलं की नाण्याच्या मूळ पृष्ठभागाची साय निघून जाते. ठशांखाली दाबलं जाताना धातू वाहतो, त्याच्या अगदी बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात आणि उजेड त्यांच्यावरूनच फिरतो. घासल्यावर त्या पुसल्या जातात. उरते ती भांड्यासारखी सपाट चमक. नवख्याला ती सुंदर दिसते, तपासणाऱ्याला पाच सेकंदांत कळते.

काळा पडलेला रुपया म्हणजे खराब झालेला रुपया नव्हे. चांदीवर चढलेला सारखा, निळसर-तपकिरी काळेपणा हा उलट वर्षानुवर्षं हात न लागल्याचा दाखला. मी हे घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे लक्ष्मीम्होरं काळंच ठेवायचं व्हय रे?" शेवटी तडजोड झाली. पूजेला पाच रुपये, जे तसेही घासून कामातून गेलेत, आणि दोन, यापुढं न घासायचे, माझ्या कपाटात.

अपवाद एक. स्वस्त प्लास्टिकच्या पाकिटात बरीच वर्षं ठेवलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. तो पीव्हीसीचा. शुद्ध ॲसिटोनमधे बुडवून, न घासता काढून सुकू दिलं तर तो जातो आणि धातूला धक्का लागत नाही. खिडकी उघडी ठेवा, गॅसपासून लांब बसा. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे ॲसिटोन नव्हे, त्यात सुवासाची तेलं असतात.

पायरी पाचवी: ताजवा आणि पाण्याचा पेला

ग्रेडिंगची फी भरून 'नकली आहे' हे ऐकण्यापेक्षा घरी पंधरा मिनिटं घालवा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो. नसेल तर शहापूरच्या सराफ गल्लीत ओळखीच्या पेढीवर वजन करून घ्या. तिथं नाणं टेबलावर आपटून वाजवून बघायची सवय आहे, तेवढं करू देऊ नका.

राणीछापपासून १९३९ पर्यंतच्या चांदीच्या रुपयाचं ठरलेलं वजन ११.६६ ग्रॅम. झिजलेला थोडा कमी भरेल, जास्त भरणार नाही. १९४७ चा रुपया निकेलचा, त्याला चुंबक चिकटतं. चांदीच्याला चिकटलं तर विषय संपला.

वजन जमलं तरी थांबू नका. पाण्यानं अर्धा भरलेला पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोऱ्याचा फास घालून ते पाण्यात सोडा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल तो नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या वजनाला त्यानं भागा. ९१.७ टक्के चांदीला उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं, म्हणजे पूर्ण वजनाच्या रुपयासाठी काट्यावर साधारण १.१३ दिसेल. मग नाणं काढून मऊ सुती कापडानं टिपून घ्या, पुसू नका.

खानापूरचा एक कॉलेजचा मुलगा १९३९ चा रुपया घेऊन आला होता. गोकाकच्या बाजारात 'हळे नाण्य' (कानडीत जुनं नाणं) म्हणून कोणीतरी गळ्यात मारलेला. दिसायला झकास. वजन भरलं १०.३८, पाण्यात १.१७. भागाकार ८.९ च्या आत. चांदी नव्हेच, वरून मुलामा. पोराचं तोंड उतरलं, पण पुढचा खर्च वाचला. आकडा बरोबर आला म्हणजे नाणं खरं असं मात्र धरू नका. खऱ्या चांदीत पाडलेल्या नकलाही असतात, आणि १९३८ च्या रुपयाचं साल बदलूनही फसवता येतं. भिंगाखाली सालाचा शेवटचा आकडा आधीच्या तिघांशी ताडून बघा: उंची, जाडी, पायाशी खरवडल्याच्या रेघा. ओतीव नक्कल असेल तर अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात, पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या असतात आणि कडेच्या दात्यांवर जोड दिसतो.

पायरी सहावी: एक दिवा, एक भिंग, जाड टॉवेल

ट्यूबलाइट बंद करा. टेबलावर टॉवेल घडी करून पसरा, म्हणजे नाणं निसटलं तरी वाचेल. एकच पिवळा दिवा बाजूनं लावा. नाणं फक्त कडेनं धरा, अंगठा चेहऱ्यावर नको. आता हळूहळू कलतं करत फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे पंख्याच्या पात्यांसारखे गोल फिरतात. पट्टे उंच भागावर, म्हणजे राणीच्या कानावरच्या केसांवर, मुकुटावर, जॉर्जच्या भुवईवर आणि गालावर, तुटत असतील तर तिथं झीज आहे. ते नाणं ६० च्या खाली. पट्टे कुठंच नसतील आणि सगळीकडे सारखीच चकाकी असेल, तर आमच्या आजीसारखं कोणीतरी तुमच्याही घरी होऊन गेलंय.

घड्याळजीकडचं पाच ते दहा पटीचं भिंग घ्या. मधल्या मोकळ्या जागेत एकाच दिशेनं जाणाऱ्या केसासारख्या रेघा म्हणजे कापडानं पुसल्याची खूण. मग कड बघा, विशेषतः घड्याळातल्या बाराच्या ठिकाणी. आपल्याकडे रुपयाला कडी लावून गळ्यात घालायची रीत जुनी. लमाणी बायकांच्या अंगावर तर रुपयांची रांग असते. कडी काढून कड घासली तरी डागाचा ठिपका राहतो. जुने सराफ खरेपणा बघायला रुपयावर बारीक छाप मारायचे किंवा कडेला छेद द्यायचे, तेही बघा. कडी, छेद, छाप, घासणं, यातलं काहीही सापडलं तर लेबलवर 'डिटेल्स' येणार हे गृहीत धरा. डिटेल्सच्या डबीला बाजारात उघड्या नाण्याइतकाच, कधी त्याहून कमी भाव मिळतो, कारण दोष आता छापून आलेला असतो.

हे सगळं पार केल्यावर स्वतः एक आकडा ठरवा आणि कागदावर लिहा. मग मोजपट्टीवर त्यातून दोन पायऱ्या खाली उतरा. आपलं नाणं आपल्याला नेहमीच जरा गोरं दिसतं. पुढचा हिशेब उतरलेल्या आकड्यावर करायचा.

पायरी सातवी: वहीवरचा हिशेब

तीन रकमा लिहा. एक, नाणं आहे तसं आज विकलं तर काय येईल. दोन, तुम्ही खाली उतरवलेल्या आकड्याच्या डबीत ते असेल तर काय येईल. तीन, डबीपर्यंतचा सगळा खर्च.

पहिल्या दोन रकमा लोकांनी मागितलेल्या किमतींवरून लिहू नका. ऑनलाइन कोणीही काहीही मागतो. लिलाव झाल्यावर प्रत्यक्ष काय भावानं गेलं ते लिलाव कंपन्या जाहीर करतात, ते आकडे पाहा, आणि एकच नव्हे, तीन-चार पाहा. त्यात घेणाऱ्याकडून वरून लावलेलं प्रीमियम आणि जीएसटी धरलंय का ते तपासा; ती रक्कम विकणाऱ्याला मिळत नाही, उलट त्याच्याकडूनही कमिशन जातं.

तिसऱ्या रकमेत नवखे फक्त फी धरतात. तिच्यात जाण्या-येण्याचं टपाल, विमा, मधल्या व्यापाऱ्याची हाताळणी, डॉलरचा त्या दिवशीचा भाव, परत येताना कस्टमची कटकट आणि काही महिने अडकलेलं नाणं, सगळं आहे. आता उदाहरण म्हणून आकडे धरू. उघडं नाणं ४,००० ला जातंय. तुमच्या मते डबीत ते ९,००० ला जाईल, दोन पायऱ्या उतरल्यावर ६,५००. सगळा खर्च ३,५००. म्हणजे हातात ३,०००, उघडं विकलं असतं त्याहून कमी. तुमच्या मनातला आकडा खरा ठरला असता तरी ५,५००, म्हणजे एवढ्या उठाठेवीला जेमतेम दीड हजार. मी पाठवत नाही. तेच नाणं उघडं विकायला गेलं की 'नकली असेल' म्हणून कोणी १०,००० च्या वर जात नाही आणि डबीतले ४०,००० ला जातायत, तर पाठवतो. नाण्याच्या खरेपणावर जिथं बाजार अडतो तिथं डबी फळते. अवस्थेच्या एखाद्या आकड्यासाठी ती क्वचितच फळते, आपल्याकडच्या नाण्यांत तर फारच क्वचित.

आजकाल टांकसाळीच्या नव्या स्मारक नाण्यांना ७० आकडा घेऊन विकायची टूम आहे. मला ती पटत नाही. ती नाणी बनतानाच सुबक बनतात, त्यामुळे ७० काही दुर्मिळ राहत नाही.

विकायचंच नसेल तर? आजोबांची आठवण म्हणून ठेवायचं असेल तर ही पायरी सोडा आणि लेखही सोडा. चांगलं पाकीट घ्या, झालं.

पायरी आठवी: पाठवायचं ठरलंच तर

बऱ्याच कुरिअर कंपन्या नाणी घेतच नाहीत, आणि 'गिफ्ट' किंवा 'मेटल डिस्क' असं खोटं लिहून पाठवलेलं हरवलं तर विमाही नाही, तक्रारही नाही. म्हणून सुरुवातीला एकट्यानं थेट पाठवायच्या भानगडीत पडू नका. पुण्या-मुंबईचे काही व्यापारी अनेकांची नाणी एकत्र करून पाठवतात. देताना प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, वजन दोन दशांशांपर्यंत लिहा, आणि त्याच वर्णनाची सही-शिक्क्याची पावती घ्या. 'एक जुना रुपया' असं लिहिलेली पावती चालवून घेऊ नका. नाणं वाटेत बदललं तर तुमच्या हातात दुसरं काही नसतं. विमा किती रकमेचा, आणि डिटेल्स आलं तरी फी द्यावी लागते का, हे आधी विचारा. द्यावी लागते, पण विचारल्यानं माणूस कळतो.

डबी परत आली की नंबर साइटवर टाकून नोंद आणि फोटो ताडा. दुसऱ्याकडची डबी विकत घेतानाही हेच करा, कारण नकली डब्याही फिरतात आणि खऱ्या डबीचा नंबर चोरून छापलेल्याही. नोंदीतल्या फोटोतला एखादा ओरखडा, एखादा डाग हातातल्या नाण्यावर तिथंच सापडला पाहिजे.

डबीत न जाणाऱ्यांसाठी

बेळगावचा पाऊस आणि खानापूरची दमट हवा ही नाण्यांची खरी शत्रू. मायलरची पाकिटं घ्या, पीव्हीसीची मऊ नकोत. कागदी पुठ्ठ्याच्या चौकटी चालतात, पण स्टेपलची पिन बाहेर राहिली की दुसऱ्या नाण्याला ओरखडा जातो. पक्कडीनं चेपून सपाट करा. डब्यात सिलिकाच्या पुड्या ठेवा आणि मृगाच्या तोंडावर दर वर्षी बदला. लाकडी पेटीत, विशेषतः रंग दिलेल्या, ठेवू नका. नाण्याजवळ रबरबँड तर अजिबात नको, त्यातल्या गंधकानं चांदीवर काळा पट्टा उठतो.

प्रत्येक पाकिटाबाहेरच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा: साल, धातू, वजन, पाण्यातला आकडा, कुठून आलं, कधी आलं. आमच्या कपाटातल्या एका चिठ्ठीवर 'आजीच्या पेटीतला, १९३८, ११.६१, डबी फोडलेली' असं आहे. डबी मी स्वतःच फोडली, मागच्या दिवाळीत. लेबल चिठ्ठीच्या मागं चिकटवलंय आणि रुपया कपाटातून परत आईच्या पाचांत जाऊन बसलाय.